मेक्सिकोतल्या घराचा कौल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला माणूस नव्हतं असं नाही. शेजारच्या वहिनींना मी कवळीपासून पेन्शनपर्यंत सगळं सांगते, पण हे नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही ना माझ्या लेकीला ओळखता, ना जावयाला. आणि दुसरं कारण — खरं सांगू? — गेली दोन-तीन वर्षं मी फार सुखात आहे. उपाशी माणसाला दातात अडकलेलं कळत नाही. पोटभर जेवण झालं की जीभ सारखी तिथंच जाते. माझं तसं झालंय.

आधी मी कोण ते सांगते. कोरेगावात एका छोट्या सहकारी बँकेत मी कर्ज विभागात होते, निवृत्त होईपर्यंत. माझं काम एकच — समोरच्यानं आणलेले जमिनीचे, घराचे कागद बघायचे आणि खोट शोधायची. सातबाऱ्यावर कुणा बहिणीचं नाव राहिलंय, कुठं फेरफारच झालेला नाही, कुठं वाट दुसऱ्याच्या रानातून जाते. मला वासच यायचा. लोक मागं मला ‘नाहीबाई’ म्हणायचे, आणि मला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. बाईंना खोटं चालत नाही, असं बाजारात बोललं जायचं. हे ध्यानात ठेवा.

नवरा फौजेत. सुभेदार होऊन घरी आले आणि थोड्याच वर्षांत गेले. म्हणजे आमचा संसार म्हणायचा तर सुट्ट्यांचाच. सुट्टी संपली की मी बसस्टँडवर ट्रंकेजवळ उभी, आणि पोर माझ्या कडेवर. ती पोर म्हणजे शीतल. एकुलती. हे मी कारण म्हणून सांगत नाही बरं. तसं वाटलं तर हे वाक्य सोडून द्या.

शीतल सांगलीला इंजिनिअरिंगला होती, तिथं तिला महेश भेटला. आटपाडीकडचा, धनगराचा मुलगा. त्याचे वडील — आबा — उमेदीत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले, आता कालव्याचं पाणी आल्यावर डाळिंब लावून बसलेले. आई लहानपणीच गेलेली. लग्नात ज्यांना जात बघायची त्यांनी बघून घेतली. मी माझ्या सवयीनं माणूस बघितला आणि चोख निघाला. मला तो ‘मामी’ म्हणतो. माझ्या हातची मेथीची भाजी सोडून सगळं खातो.

लग्नानंतर दोघं मेक्सिकोला गेली. तिथं वेराक्रूझ म्हणून बंदराचं गाव आहे, जवळच पाईप बनवणारी कंपनी, त्यात महेशला नोकरी. दोन वर्षांसाठी म्हणून गेली. मग आणखी दोन. माझी सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. मी चहाचा कप घेऊन बसायची आणि फोनमध्ये महेश म्हणायचा, “मामी, थांबा, दावतो,” आणि समुद्र दाखवायचा. रोज! बाबा रे, काल होता तोच आहे की, मी म्हणायची. पण त्याला रोज नवा दिसायचा. पोरगं टँकरच्या मागं घागर घेऊन पळत मोठं झालेलं. त्याला ते पाणी बघून काय होत असेल, हे कोरेगावात नळाखाली बसून मला काय कळणार?

मग एक दिवस शीतल म्हणाली, “आई, आम्ही इथं घर घ्यायचा विचार करतोय. समुद्राजवळ. तू जरा कागद बघशील?”

बघशील का म्हणे! घर कशाला तिथं, असं मनात आलं आणि हात शिवशिवले — दोन्ही एकदमच.

तुम्ही कधी परक्या मुलखात घर घेण्याचा विचार केला आहे का? मी त्या दोन महिन्यांत इतका केला, की मला मेक्सिकोची बँक नोकरी देईल. शीतल कागद पाठवायची, फोनवर त्यांचं भाषांतर व्हायचं — काही बरं, काही दिव्य — आणि मी चष्मा लावून बसायची. तिथला नियम असा, की किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर करता येत नाही. बँक ती आपल्या नावावर धरते, तुमच्यासाठी, पन्नास वर्षांच्या करारानं, पुढं वाढवता येतो. राहायचं तुम्ही, विकायचं तुम्ही, वारस तुम्ही नेमायचा, पण कागदावर नाव बँकेचं. हे ऐकून आधी मी म्हटलं, छे! ज्याचं नाव कागदावर, घर त्याचं; उरलेले सगळे भाडेकरू. मग वाचत गेले तसं कळलं की पद्धत जुनी आहे, कायद्यातली आहे, बँकेची फी तेवढी दरवर्षी भरावी लागते.

पहिली जागा त्यांनी धरली ती फार स्वस्त होती. वाळूला लागून. मला स्वस्त म्हटलं की खाज सुटते. मी शीतलला विचारायला लावलं की ही जमीन मुळात कुणाची? तर निघाली ‘एहिदो’ची. म्हणजे अख्ख्या गावाला सरकारनं दिलेली, कसणारे वेगळे, हक्क सगळ्यांचा. आपल्याकडं गायरान असतं, देवस्थानची इनाम जमीन असते — त्यातलाच प्रकार. विकणारा हसत हसत विकतो, आणि दहा वर्षांनी गाव येऊन दारात उभं राहतं. मी म्हटलं, पळा तिथून. त्यांच्या कंपनीतल्या एका माणसाचे तशाच व्यवहारात पैसे बुडालेले, हे मागाहून कळलं. महेशनं फोनवर मला चक्क हात जोडले. “मामी, तुमी नसता तर मेलोच होतो गड्या,” म्हणाला, आणि सासूला गड्या म्हटलं म्हणून शीतलनं त्याला चिमटा काढला.

माझी छाती किती फुगली म्हणून सांगू!

दुसरं घर आलं. लहानसंच. दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवरून समुद्र. भिंती पिवळ्या. मी ते कागदही असेच उलटेपालटे केले. तिथं नोटरी म्हणजे आपल्या कोर्टासमोर टेबल टाकून बसलेला माणूस नव्हे, सरकारनं नेमलेला मोठा वकील. त्याच्याकडून मागच्या सगळ्या मालकांची साखळी काढून घेतली. बोजा नाही. कर भरलेला. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून वारं सुटतं तिथं, फार जोराचं, वाळू घरात येते. खारी हवा लोखंड खाते. वादळाचा विमा वेगळा काढावा लागतो. हे सगळं तोट्याच्या बाजूला मांडलं. दुसऱ्या बाजूला — भाड्यानं देण्याइतकं फर्निचर-बिर्निचर सगळं ठीक, सुट्टीत शहरातले लोक येतात, घराला मागणी कायम. महेशला कंपनी कायम करायला तयार होती. मी खोट शोधत होते. आता सांगायला हरकत नाही — मला खोट हवी होती. रात्रंदिवस हवी होती. आणि सापडत नव्हती.

शेवटी मला म्हणावं लागलं, “कागद चोख आहेत.”

किती प्रामाणिक ना? मलाही तेव्हा तसंच वाटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. घर घेतलं म्हणजे ती तिथलीच झाली. दरवर्षीची सुट्टी, दोन आठवडे, निम्मे आटपाडीत, आणि मग मी विमानतळावर उभी. पुन्हा तेच ट्रंकेजवळ उभं राहणं, फक्त आता ट्रंकेला चाकं.

इथवर मी काही वाईट केलं नव्हतं. एवढ्यावर थांबले असते तर आज तुमच्याशी बोलायला काही उरलंच नसतं.

पण दुसऱ्या दिवशी महेशचा फोन आला. जरा लाजत बोलला. त्यांच्या घरात रान घ्यायचं, विहीर पाडायची, अगदी दावणीला नवा बैल बांधायचा तरी वस्तीवरच्या बिरोबाला कौल लावतात. देवाच्या दगडावर उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला. डावीकडची पडली तर नाही. आबांच्या बापापासून चालत आलेलं. मी कधी यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते मी लपवलंही नव्हतं. म्हणूनच तो म्हणाला, “मामी, आबाचं गुडघं धरल्यात, त्येंला देवळाच्या पायऱ्या चढवत न्हाईत. तुमी जाता का? आन् खरं सांगू का, तुमी सांगितलेलं मला पटंल. तुमी देवाच्या बाजूनं बी बोलत न्हाई, आन् आमच्या बी.”

मी गेले. वडूजवरून एसटीनं. वाटेत मी काय विचार करत होते असं विचाराल, तर देवाशपथ — काय शब्द आला बघा तोंडात! — काहीच नाही. खिडकीतून डाळिंबाच्या बागा बघत होते.

आबा देवळाखाली लिंबाच्या सावलीत बसले होते, पांढऱ्या पटक्यात. मला बघून हसले. म्हणाले, “आवं, म्या लय बिगी आलो हितं. घरात बसवंना.” मग स्वतःहूनच सांगायला लागले. तरणे असताना एका दुष्काळात मेंढरं घेऊन ते घाट उतरून पार कोकणात गेले होते, तेव्हा त्यांनी समुद्र पाहिला होता. “येवढं पाणी, बाई! आन् येक थेंब मेंढरास्नी पाजता येईना.” हे ते महेशला लहानपणी रोज सांगायचे. “आता पोरगं त्येच्या काठाला घर बांधतंय. घ्यावं. माजं काय, मी हाय हितं. घ्यावं त्यानं.”

ऐकलंत? त्या म्हाताऱ्याचा तर पोटचा गोळा. आणि तो ‘घ्यावं’ म्हणत होता.

मी पायऱ्या चढले. देऊळ लहानच, गाभारा म्हणावा असं काही नाही. शेंदराचा दगड, भंडारा, समई. पुजाऱ्यानं झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून लावल्या, महेशचं नाव घेतलं, गाऱ्हाणं घातलं — लेकरू परमुलखात घर घ्यायचं म्हणतंय, हाय का न्हाई ते सांग. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आत आवाज तुटत होता. “बगा तुमी, आलोच,” म्हणून तो बाहेर गेला.

तो गेला आणि उजवीकडची पाकळी पडली.

अगदी सहज. देव हो म्हणाला. जो देव मी मानत नव्हते, तो माझ्यासारखंच कागद चोख आहेत म्हणाला.

मग — हं, सांगते. सांगायचं म्हणूनच बसले आहे ना? मी ती पाकळी उचलली. समईजवळच्या तांब्यात बोट बुडवलं, पाकळी ओली केली आणि होती तिथं परत चिकटवली. आणि डावीकडची नखानं सुटी केली. ती लगेच पडली नाही, जरा चिकटून राहिली. मी ती ओढली. हात चुकला नाही.

पुजारी आत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “डावा दिला की वो.” बाहेर जाऊन आबांना त्यानंच सांगितलं. मला तोंड उघडावंच लागलं नाही. हयातभर कागदातल्या खोट्या सह्या पकडणारी मी — आणि आयुष्यातली एकुलती एक खोटी सही केली ती देवाची.

मी खाली आले. आबांनी पटका काढला, झटकला, परत बांधला. मग म्हणाले, “देवानं न्हाई म्हटलं न्हवं? मग न्हाई. चला, च्या घिऊ.” आणि मला चहा पाजला, येताना डाळिंबाची पिशवी दिली. ती पिशवी मांडीवर घेऊन मी वडूजपर्यंत आले. त्यातलं एकही डाळिंब मी खाल्लं नाही. सगळी शेजारी वाटली, आणि त्या वहिनी आजही म्हणतात की असली गोड डाळिंबं पुन्हा मिळाली नाहीत.

महेशला मी फोन केला. तो एवढंच म्हणाला, “बरं मामी.” त्या दिवशी समुद्र दाखवला नाही. शीतल मात्र चिडली. तिनं मला विचारलं, “आई, तुझा विश्वास आहे का ह्या सगळ्यावर?” किती सोपं होतं तेव्हा! एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, “माझा नाही, पण त्याचा आहे.” हे तर खरंच होतं. खरं बोलूनही किती खोटं बोलता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पिवळं घर महेशच्याच एका सोबत्यानं घेतलं. त्याचं छान चाललं आहे. वादळ नाही, भांडण नाही, काही नाही. म्हणजे देवानं वाचवलं वगैरे म्हणायलाही मला जागा राहिलेली नाही. महेशनं कायमच्या नोकरीला नकार दिला. देवानं डावा दिलेल्या मुलखात मूळ धरायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. वर्षभरात दोघं परत आली.

आता साताऱ्यात राहतात. महेश शिरवळच्या एका कारखान्यात जातो, कंपनीच्या बसनं, पगार तिकडच्यापेक्षा कमी. शीतल घरबसल्या स्पॅनिशमधल्या कागदांची भाषांतरं करते. नात झाली, तिचं नाव ईरा. शनिवारी ती माझ्याकडं असते. मला ‘ए आजे’ म्हणून हाक मारते, माझी कवळी कुठं ठेवली ते तिला माझ्याआधी माहीत असतं, आणि झोपताना माझा कान धरून झोपते. मी सुखात आहे. खोटं कशाला बोलू — आता तरी? सकाळी फाटक वाजतं, शीतल भाजीची पिशवी टेकवून “आई, चहा टाक” म्हणते, तेव्हा मला कसलाही पश्चात्ताप होत नाही. शोधूनही सापडत नाही.

होतो तो दुसऱ्याच वेळेला. महेशच्या फोनवर अजून वेराक्रूझचं हवामान दिसतं. त्यानं ते काढलेलं नाही. जेवता जेवता बघतो आणि म्हणतो, “आज तिकडं वारं सुटलंय.” कुणाशी बोलत नाही, नुसतं म्हणतो. आणि पुढचा घास घेतो. तेव्हा मला त्याच्या ताटात काहीतरी वाढावंसं वाटतं, आणि मी वाढते, आणि तो “बास मामी” म्हणतो. त्याच्या हातातून समुद्र मी काढून घेतला. माझ्या लेकीच्या हातातून तिची निवड. आणि आबांच्या हातातून — त्यांनी तर वस्तीभर सांगून ठेवलं होतं हो, पोरगं समुद्राच्या काठाला घर घेतंय म्हणून. परवा त्यांनी ईराला मांडीवर घेऊन सांगितलं, “देव शाना. त्यानं तुला हिकडं आणली.” मी तिथंच शेंगा निवडत बसले होते. मान वर केली नाही.

मी हे त्यांना सांगणार आहे का? नाही. सांगितलं तर महेश मला माफ करील, तो तसाच आहे, आणि मग ईराला शनिवारी माझ्याकडं पाठवताना शीतल एक क्षण दारात थांबेल. तो एक क्षण मला नको आहे. बघा, इथंही मी माझाच फायदा बघितला.

गेल्या आठवड्यात महेशनं साताऱ्यात, गोडोलीच्या अलीकडं, एक प्लॉट बघितला. कागद माझ्याकडं आलेत. वाट अरुंद आहे, आणि मागच्या मालकाच्या एका भावाची सही मला जरा कच्ची वाटते, तेवढी बघून घ्यावी लागेल. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. महेश म्हणाला, “मामी, कौल बी तुमीच लावा. तुमच्या हाताला देव खरं बोलतोय.”

रविवारी जाणार आहे. पाकळी कुठलीही पडो, कौल उजवाच येणार आहे.